स्वस्त लॅपटॉप घ्यावा काय?

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीं शाळा सुटल्यावर जिन्याच्या पायथ्याशीं एका विद्यार्थ्याची आई माझी वाट पाहत उभी होती. शिवणकामावर घर चालविणारी ही बाई. त्या महिन्याची भिशी तिला लागली होती, आणि तींतील पंधरा हजार रुपये तिनें मुलासाठीं निराळे काढून ठेविले होते. "सर, जाहिरातींत एक लहानसा लॅपटॉप पाहिला. एवढ्या पैशांत बसतो. घेऊं का?" एवढेंच तिनें विचारलें. "विचार करून सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. प्रश्न अवघड होता असें नव्हे. परंतु त्याचें उत्तर देण्याचा अधिकार आपणांस उरला आहे काय, याचीच मला शंका होती. कारण हाच प्रश्न मला पूर्वीं एकदा विचारण्यांत आला होता, आणि त्या वेळीं मीं दिलेला सल्ला चुकला होता.

ती हकीकत प्रथम सांगून टाकतों. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांस कुलुपें लागलीं आणि वर्ग मोबाइलवर भरूं लागले, हें वाचकांस सांगावयास नको. कित्येक घरांत मोबाइल एकच असे. वडील तो घेऊन कामावर गेले म्हणजे त्यांच्याबरोबर मुलाची शाळाही गेली! पुढील वर्षीं अशाच एका पालकानें मला सल्ला विचारला, तेव्हां मीं क्षणाचाही विचार न करितां सांगितलें, "लहानसा, नवा, स्वस्त पाहून घेऊन टाका, मुलाच्या कामापुरता पुष्कळ झाला." त्यांनीं तो हप्त्यांवर घेतला. पहिले सहा महिने मुलगा हरखून गेला होता. मग यंत्र मंदावलें. पुढें तर तें सुरू होईपर्यंत मुलाची अंघोळ उरके. अखेरीस 'जागा शिल्लक नाहीं' अशी एकच ओळ पडद्यावर येऊन बसली. दुरुस्ती करणाऱ्यानें झांकण उघडून पाहिलें आणि पुन्हा लावून टाकलें. "यांत बदलण्याजोगें कांहींच नाहीं," तो म्हणाला. शेवटचा हप्ता फिटावयाचा होता. पुढें एकदां त्या मुलानें मला हंसत हंसत सांगितलें कीं, आतां त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

असें कां झालें, याचा शोध मीं त्यानंतर घेतला. तो आधीं घ्यावयास हवा होता, हें उघडच आहे. लॅपटॉप स्वस्त करावयाचा म्हणजे कारखानदारानें काटकसर कोठें तरी केलीच पाहिजे. पडद्यांत आणि कवचांत केलेली काटकसर गिऱ्हाइकास दुकानांतच दिसते. म्हणून ती बहुधा पोटांत करितात. आपलें लिखाण, चित्रें आणि खुद्द यंत्र चालविणारी प्रणाली जेथें साठविली जाते, तो भाग मोठ्या यंत्रांत निराळा बसविलेला असून काढतां-घालतां येतो. लहान स्वस्त यंत्रांत पुष्कळदां त्याच्या ऐवजीं एक चिमुकली चकती मुख्य फलकावर कायमची डाक देऊन जडविलेली असते. तिची धांव मंद आणि पोट लहान. रॅमचेंही तसेंच. आतां मायक्रोसॉफ्टनें आपल्या 'विंडोज ११' साठीं जी किमान अट घातली आहे, ती ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे; आणि बाजारांतील पुष्कळसे स्वस्त लॅपटॉप नेमके या किमान रेषेवरच उभे असतात. किमान याचा अर्थ 'पुरेसें' असा नव्हे. दारांतून जेमतेम आंत येणाऱ्या माणसास घरांत बसावयास जागा मिळेलच असें थोडेंच आहे? प्रणाली दरसाल वाढते, जडविलेली चकती वाढत नाहीं. मग एक दिवस दोहोंचें भांडण होतें आणि यंत्र कपाटांत जातें.

येथें कोणी म्हणेल कीं, हा दोष एखाद्या यंत्राचा झाला. स्वस्त यंत्र मुलांच्या हातीं द्यावें, ही कल्पना त्यामुळें खोटी ठरत नाहीं. हें म्हणणें रास्त आहे. या कल्पनेला आतां वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांतलें एक पान आपल्या घाटाखालच्या रायगड जिल्ह्यांत लिहिलें गेलें आहे. अमेरिकेंतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपोंटी यांनीं २००५ सालीं अशी योजना मांडली कीं, जगांतील गरीब मुलांसाठीं शंभर डॉलरांचा लॅपटॉप तयार करावा आणि प्रत्येक मुलास एक द्यावा. त्याप्रमाणें हिरव्या-पांढऱ्या रंगाचें, रबरी कळफलकाचें, भर उन्हांत वाचतां येईल अशा पडद्याचें एक चिमुकलें यंत्र निघालेंही. तें शंभर डॉलरांत कधींच झालें नाहीं. २००७ मध्यें त्याची किंमत दोनशेंच्या घरांत गेली. परंतु यंत्र मोठें कल्पक होतें, यांत शंका नाहीं. आंत फिरणारा एकही भाग नव्हता, आणि वीज अत्यंत थोडी लागे.

आपल्या सरकारनें ही योजना प्रथम नाकारली. २००६ सालीं केंद्राचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनीं असें मत दिलें कीं, या चैनीच्या साधनांपेक्षां देशाला वर्ग आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे. तरीही २००७ च्या शरद ऋतूंत या यंत्राचा भारतांतील पहिला प्रयोग झाला, आणि तो झाला रायगड जिल्ह्यांतील खैराट या गांवच्या धनगरवाड्यावर. एकशिक्षकी शाळा. सारे मिळून बावीस विद्यार्थी. पहिली ते चौथी एकाच खोलींत. प्रत्येकास एकेक यंत्र मिळालें. ज्या मुलांच्या घरीं पुस्तकांचें कपाट नव्हतें, तीं चित्रें काढूं लागलीं, अक्षरें जुळवूं लागलीं, एकमेकांचे फोटो काढूं लागलीं. या प्रयोगावर देशोदेशींच्या वर्तमानपत्रांतून रकाने भरले.

तथापि ज्या देशानें ही योजना सर्वांत मोठ्या प्रमाणावर उचलली, त्या पेरू देशाची साक्ष अधिक मोलाची आहे, कारण तेथें हर्षाबरोबर मोजमापही झालें. दक्षिण अमेरिकेंतील या डोंगराळ देशानें आठ लाखांहून अधिक यंत्रें विकत घेतलीं. तेथील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी होऊन २०१२ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलें यंत्र वापरावयास चांगलीं शिकलीं, बुद्धीच्या कांहीं सामान्य चाचण्यांत त्यांची थोडीबहुत प्रगतीही दिसली. परंतु गणित आणि भाषा यांच्या गुणांत यंत्र मिळालेलीं मुलें व न मिळालेलीं मुलें यांत फरक आढळला नाहीं. शिक्षकांस यंत्रांचा पाठांत उपयोग कसा करावा हें पुरेसें शिकविण्यांत आलें नव्हतें, आणि मुलांनीं वापर केला तो बहुतेक आपापल्या परीनें.

पालकांनो, हा निष्कर्ष आपण नीट ध्यानांत घ्यावा असें मला वाटतें. लॅपटॉप घेतल्यानें दहावीचे गुण वाढतील, या आशेनें जर कोणी भिशी फोडीत असेल, तर त्यानें ती फोडूं नये. दहावीची उत्तरपत्रिका आजही शाई आणि कागद यांनींच लिहावी लागते. त्या परीक्षेसाठीं पंधरा हजारांपेक्षां दीडशें रुपयांच्या वह्यांचा आणि रोजच्या दोन तासांचा उपयोग अधिक.

मग यंत्र घ्यावेंच कशाला? माझें उत्तर एका शब्दाचें आहे: लिहिण्यासाठीं. पाहण्यासाठीं आणि ऐकण्यासाठीं घरांतला मोबाइल पुरून उरतो. किंबहुना तो जरुरीपेक्षां फारच जास्त पुरतो. पण आठशें शब्दांचा निबंध मोबाइलवर दोन अंगठ्यांनीं लिहिण्याचा प्रयत्न जरूर करून पाहा! वाक्य लहान होत जातें, विचार तुटतो, आणि मुलगा कोठून तरी आयतें उचलून डकविण्याच्या नादास लागतो. कृत्रिम बुद्धीच्या कृपेनें हें आयतें आतां क्षणांत मिळतें, हें निराळें सांगावयास नको. ज्याच्या दहाही बोटांस कळफलक अंगवळणी पडला आहे, त्याला परिच्छेद मोडून पुन्हा बांधण्याचा कंटाळा येत नाहीं. आणि मोडून पुन्हा बांधणें यालाच तर लिहिणें म्हणतात. हस्ताक्षराचा मी शत्रु नाहीं. परंतु अभियांत्रिकीची 'जेईई मेन' किंवा आपल्या राज्याची सीईटी आतां संगणकावरच होते, आणि टंकलेखनाच्या सरकारी परीक्षाही संगणकावर आल्या आहेत. त्या दिवशीं ज्याचा हात कळफलकापाशीं बावरतो, त्याच्या अभ्यासाचा त्यांत कांहींच दोष नसतो.

मराठींत लिहिणें हें त्याहूनही पुढचें. 'इन्स्क्रिप्ट' नांवाची देवनागरी कळफलकाची जी मांडणी आहे, तींत स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हाताखालीं येतात. ती प्रत्येक संगणकांत विनामूल्य असते, पण आपल्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांस ती ठाऊक आहे? रोमन लिपींत 'माझा' लिहून देवनागरीची वाट पाहत बसणारींच पुष्कळ. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलें, तर इन्स्क्रिप्ट हातांत बसते. हें मी स्वतःच्या, म्हणजे पन्नाशीच्या बोटांच्या अनुभवानें सांगतों.

आतां कोणता घ्यावा, हा मुख्य मुद्दा. पुणेकरांस अप्पा बळवंत चौकाची ओळख करून द्यावयास नको. जूनमध्यें तेथें जुनीं क्रमिक पुस्तकें घेणाऱ्यांत लक्षाधीशांचीं मुलेंही असतात, आणि कोणासही त्यांत कमीपणा वाटत नाहीं. उलट आदल्या वर्षींच्या हुशार मुलाच्या खुणा असलेलें पुस्तक मिळालें तर लॉटरी लागल्यासारखें वाटतें. तेथून चार पावलांवर तपकीर गल्ली, जेथें सारें पुणें विजेच्या सामानासाठीं जातें. मग पुस्तकाला जो न्याय, तो यंत्राला कां नको? मोठ्या कचेऱ्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनीं बदलतात. हीं यंत्रें मुळांत महाग असतात, दणकट असतात, त्यांचा कळफलक लिहिणाऱ्यासाठींच केलेला असतो, आणि मुख्य म्हणजे त्यांचें पोट उघडतां येतें. रॅम वाढवितां येते, साठवण बदलतां येते, बॅटरी नवी घालतां येते. बाजारांत तीं साफ करून, तपासून पुन्हा विकलीं जातात, आणि नव्या चिमुकल्या लॅपटॉपच्या किंमतींत किंवा तीहून थोड्या अधिकांत मिळूं शकतात. दिसावयास जड आणि कळाहीन. पण ज्याला चार वर्षें लिहावयाचें आहे, त्यानें रूपाकडे पाहूं नये.

एक खोंच मात्र येथें आहे. 'विंडोज १०' या प्रणालीचा नित्याचा मोफत सांभाळ मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि 'विंडोज ११' ही सामान्यतः इंटेलच्या आठव्या पिढीच्या, म्हणजे २०१७ नंतरच्या, प्रोसेसरांवरच अधिकृतपणें चालते. म्हणून जुनें यंत्र घेतांना तें कोणत्या पिढीचें आहे, हें विक्रेत्यास आधीं विचारावें. त्याहून जुनें असल्यास किंमत निम्मी करून मागावी आणि त्यावर लिनक्स घालावी. लिनक्सला पैसे पडत नाहींत, ती थोडक्या रॅमवर समाधानानें चालते, आणि लेखन, हिशेब, आलेख यांस लागणारें सारें तींत मिळतें. फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानें ती १९९१ सालीं आपल्या खोलींत बसून आरंभिली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आपल्या पुण्यांत, अमेरिकेनें महासंगणक नाकारल्यावर, सी-डॅक संस्थेनें 'परम ८०००' बांधून दाखविला होता. ज्या शहरानें तें केलें, त्या शहरांतील मुलाला कळफलकासाठीं शाळेच्या संगणक-तासाची आठवडाभर वाट पाहावी लागावी, हें मला खटकतें.

लहान नव्या लॅपटॉपची बाजू अगदींच लंगडी आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. जुलै २०२३ मध्यें १६,४९९ रुपयांचा 'जिओबुक' जाहीर झाला, तेव्हां त्याचें वजन एक किलोपेक्षां कमी होतें. शाळेच्या दप्तरांत तें ओझें वाटूं नये. शिवाय 'क्रोमबुक' या जातीचे लॅपटॉप आहेत. त्यांची प्रणाली हलकी असल्यामुळें लहान पोटाची त्यांस अडचण होत नाहीं, आणि त्यांस दहा वर्षें सुधारणा देण्याचें गूगलनें २०२३ मध्यें जाहीर केलें आहे. मात्र ती दहा वर्षें त्या जातीचें यंत्र प्रथम बाजारांत आल्यापासून मोजावयाचीं, आपण घेतल्यापासून नव्हे; दुकानदार हें आपण होऊन सांगेल अशी आशा धरूं नये. ज्या घरीं इंटरनेट सदैव आहे आणि यंत्र रोज घेऊन हिंडावयाचें आहे, त्या घरास हा मार्ग योग्य ठरेल. शिवणयंत्राशेजारीं एका टेबलावर जें राहावयाचें, त्याचें वजन पाव किलो जास्त झालें तर काय बिघडलें?

किंमत कमी करण्याच्या हव्यासाचा अंत कोठें होतो, हें आपण 'आकाश' या नांवाच्या पाटीवजा संगणकांत पाहिलें आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीस मंत्री कपिल सिब्बल यांनीं तो मोठ्या थाटानें प्रकाशित केला; सरकारास तो सुमारें सव्वादोन हजार रुपयांस पडत होता. हेतु उदात्त होता. पण पडद्यावर बोट जोरानें दाबल्यावांचून तो ऐकत नसे, आणि बॅटरी तीन तासांच्या आसपास संपे. पुढच्याच वर्षीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. दोन आवृत्त्या झाल्या तरी शाळेच्या फळ्याची जागा कांहीं त्यानें घेतली नाहीं.

पालकांची खरी भीति निराळीच असते, हें मी जाणून आहें: मुलगा त्यावर खेळच खेळत बसेल. होय, बसेल. त्याला औषध यंत्रांत नाहीं, तें टेबलाच्या जागेंत आहे. लॅपटॉप घरांतल्या येण्याजाण्याच्या जागीं, भिंतीकडे पाठ करून नव्हे तर पडदा सर्वांस दिसेल असा ठेवावा. तो एकट्या मुलाचा न मानतां घराचा मानावा. आईनें आपल्या शिवणकामाचा हिशेब त्यावर मांडावा, बहिणीनें आपलें पत्र लिहावें. रात्रीं दहानंतर चार्जर आईच्या कपाटांत. आणि दर रविवारीं मुलानें त्या आठवड्यांत लिहिलेलें एक पान घरांत मोठ्यानें वाचून दाखवावें. हें शेवटचें कलम ऐकून माझ्या वर्गांतलीं मुलें कण्हतात, पण ज्या दोन-तीन घरांत तें पाळलें जातें, तेथील मुलांचे निबंध मी ओळखूं शकतों.

आणि कोणीं घेऊं नये, तेंही सांगितलें पाहिजे. ज्या घरांत या पैशांसाठीं सावकाराकडे किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जाकडे जावें लागेल, त्या घरानें घेऊं नये. ज्याचें मूल अजून पांचवी-सहावींत आहे, त्यानेंही थांबावें. तोंवर हातांत पुस्तक आणि पेन्सिल पुरेशी. आठवीपासून पुढें मात्र थांबण्यांत फारसा लाभ मला दिसत नाहीं.

घेतांना दुकानांत घाई करूं नये. यंत्र सुरू करून मराठींत स्वतःचें नांव, शाळेचें नांव आणि एक परिच्छेद मुलानें स्वतः लिहून पाहावा. एखादी कळ अडकते कीं काय, तें तेव्हांच कळतें. चार्जर काढून अर्धा तास तसेंच चालवावें आणि बॅटरी किती उतरली तें पाहावें. आंतली रॅम व साठवण बदलतां येते काय, हें विचारून पावतीवर लिहून घ्यावें. सहा महिन्यांची लेखी हमी न देणाऱ्या दुकानाची पायरी उतरावी.

ज्या पालकास मीं २०२१ सालीं चुकीचा सल्ला दिला, त्यांच्या मुलानें यंदा अकरावींत प्रवेश घेतला आहे. गेल्या महिन्यांत मीं माझा जुना लॅपटॉप, नवी बॅटरी घालून आणि त्यावर लिनक्स चढवून, त्याला नेऊन दिला. वडील तो घेईनात, मुलानें घेतला. त्या बाईंस मात्र मीं अजून तोंडीं उत्तर दिलेलें नाहीं. येत्या शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर त्या मुलास घेऊन येणार आहेत. मग आम्ही तिघे तपकीर गल्लीच्या बाजूस जाऊं, आणि परिच्छेद कोणता लिहून पाहावयाचा, तें मुलानें आधींच ठरवून ठेवावें असें मीं त्यास कळविलें आहे.